आम्लपित्ताच्या आड दडणारा जठराचा कर्करोग

आयुर्वेदीय चिकित्सकाकडे दररोज येणाऱ्या रुग्णांत उदरविकारांचा वर्ग फार मोठा असतो. छातीत जळजळते, आंबट-कडू ढेकर येतात, जेवणानंतर पोट जड होते, सकाळी उठल्यावर मळमळते, या तक्रारी ऐकताच आम्लपित्ताचे निदान आपल्या मनात उभे राहते आणि बहुतेक वेळा ते यथार्थही असते. रुग्णाचे वय, प्रकृती व अग्नी पाहून अविपत्तिकर, सूतशेखर, कामदुधा, शतावरी यांपैकी उचित कल्पाची योजना होते, पथ्य सांगितले जाते आणि दोन-तीन आठवड्यांत रुग्ण समाधानाने परततो. प्रस्तुत लेखात आम्हांस विचार करावयाचा आहे तो या बहुसंख्येत न बसणाऱ्या रुग्णाचा. जठराचा कर्करोग झालेला रुग्ण आरंभी नेमक्या याच तक्रारी घेऊन याच रांगेत बसलेला असतो. आणि कर्करोगतज्ज्ञाकडे पोहोचण्यापूर्वी तो कित्येक महिने आपल्यापैकीच कोणाकडे तरी औषध घेत असतो.

जगाचा विचार केला तर हा व्याधी मुळीच दुर्मीळ नाही. २०२२ या वर्षाच्या जागतिक अंदाजानुसार सुमारे ९ लाख ६८ हजार नवे रुग्ण व सुमारे ६ लाख ६० हजार मृत्यू या एका व्याधीचे होते, आणि सर्व कर्करोगांत त्याचा क्रम पाचवा होता. जपान, कोरिया, चीन, मंगोलिया येथे त्याचे प्रमाण मोठे आहे. आपल्या देशात मात्र प्रदेशागणिक विलक्षण अंतर दिसते. मिझोराम व ईशान्येकडील काही भाग यांत तो अग्रभागी आहे. दक्षिणेत चेन्नईच्या परिसरात तो लक्षणीय आहे. महाराष्ट्रात तुलनेने कमी आहे. मुंबईची कर्करोग नोंदणी १९६३ पासून आणि बार्शीची ग्रामीण नोंदणी १९८७ पासून चालू असल्याने हे विधान केवळ अनुमानाचे नाही. परंतु जी गोष्ट महाराष्ट्रातील जनतेस दिलासा देणारी, तीच महाराष्ट्रातील चिकित्सकास अडचणीची ठरते. शेकडो आम्लपित्ती रुग्णांमागे एखादाच असा रुग्ण येतो, आणि सवयीने चाललेल्या हाताला तो एकटा वेगळा जाणवत नाही.

संज्ञेचा प्रश्न

या व्याधीस आपल्या संहितांतील कोणती संज्ञा लावावी, यावर आपल्या परिषदांतून पुष्कळ चर्चा होते. सुश्रुताने निदानस्थानाच्या अकराव्या अध्यायात अर्बुदाचे वर्णन केले आहे. गोल, स्थिर, मंद वेदनेचे, खोल मुळाचे, सावकाश वाढणारे व न पिकणारे असे ते मांसल उत्सेध होत. गुल्माच्या वर्णनातील काही लक्षणेही येथे जुळतात. माधवनिदानातील अन्नद्रवशूल व परिणामशूल यांच्याशी काही अवस्थांचे साम्य आहे. आमच्या मते यांपैकी कोणत्याही एका संज्ञेशी या व्याधीचे पूर्ण तादात्म्य दाखविण्याचा अट्टहास करू नये. प्रत्येक विकाराला नाव असतेच असे नाही, आणि नाव सांगता आले नाही म्हणून वैद्याने लाजू नये, हे चरकाने सूत्रस्थानातच सांगून ठेवले आहे. दोष, अधिष्ठान व हेतू जाणून प्रवृत्त व्हावे, एवढी त्याची अपेक्षा आहे. तेव्हा नावाचा वाद बाजूस ठेवून आपण निदानपंचकाच्या वाटेने जाऊ.

हेतुविचार

१९८२ पर्यंत जठरातील तीव्र आम्लात कोणताही जीवाणू दीर्घकाळ वस्ती करू शकत नाही, अशी सर्वसाधारण समजूत होती. त्या वर्षी ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरेन व बॅरी मार्शल यांनी जठराच्या अंतस्त्वचेतून एक सर्पिल जीवाणू वाढवून दाखविला. त्यास पुढे हेलिकोबॅक्टर पायलोरी हे नाव मिळाले. वैद्यकविश्वाचा विश्वास बसेना, तेव्हा मार्शल यांनी १९८४ मध्ये त्या जीवाणूचे द्रावण स्वतः प्राशन केले आणि थोड्याच दिवसांत त्यांना जठरशोथ झाला. या दोघांना २००५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. दरम्यान १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या जीवाणूची गणना निश्चित कर्करोगकारकांत केली होती.

हा संसर्ग बहुधा बालपणी, घरातल्या घरात होतो व उपचार न केल्यास दशकानुदशके राहतो. तथापि संसर्ग झालेल्या शंभरांपैकी एक ते तीन जणांनाच पुढे कर्करोग होतो. भारतात तर संसर्ग सर्वत्र पसरलेला असूनही बहुतांश प्रदेशांत कर्करोग कमी आहे, हे कोडे संशोधकांना अद्याप पुरते सुटलेले नाही. जीवाणूच्या जातिभेदांचे विष कमी-अधिक असते, आश्रयदात्याची प्रकृती वेगळी असते आणि आहार वेगळा असतो, अशी त्याची कारणे सांगितली जातात. बीज एकच, पण क्षेत्र व ऋतू यांवर पीक अवलंबून, हा विचार आपल्याला काही नवा नाही.

आहारातील हेतूंत सर्वाधिक पुरावा मिळाला आहे तो अतिलवणाविषयी. खारवून, धुरावून वा आंबवून दीर्घकाळ टिकविलेले मांस व मासे ज्या समाजांत नित्य खाल्ले जातात, तेथे या व्याधीचे प्रमाण जास्त आढळते. अतिरिक्त मीठ जठराच्या श्लेष्मल आवरणास इजा करते, त्या इजेतून जीवाणूस वाव मिळतो, आणि टिकविलेल्या मांसातील नायट्राइटपासून घातक नायट्रोसो संयुगे तयार होतात. विसाव्या शतकात अनेक देशांत हा कर्करोग आपोआप उतरत गेला. त्याचे श्रेय कोणत्याही औषधापेक्षा घरोघरी आलेल्या शीतकपाटाला दिले जाते, कारण ताजे अन्न मिळू लागले आणि खारवण्याची गरज संपली.

येथे विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायाचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. पिप्पली, क्षार व लवण ही तीन द्रव्ये अतिमात्रेत सेवन करू नयेत, असे तेथे स्पष्ट सांगितले आहे. इतकेच नव्हे, तर क्षाराच्या अतिसेवनासाठी प्राच्य व चीन देशांतील लोकांचे, आणि लवणाच्या अतिसेवनासाठी दुधाबरोबरही मीठ खाणाऱ्या बाह्लीक, सौराष्ट्र, सिंधू व सौवीर येथील लोकांचे उदाहरण दिले आहे. मिझोराममधील अभ्यासांत धुरावलेले व खारवलेले मांस-मासे, डुकराच्या चरबीपासून आंबवून केलेला ‘साउम’ आणि स्वयंपाकात वापरला जाणारा क्षार यांचा या कर्करोगाशी संबंध आढळला आहे. तेथे तंबाखूचा धूर पाण्यात मुरवून ते पाणी तोंडात धरण्याचीही रीत आहे. त्यास ‘तुइबुर’ म्हणतात. चरकाने दिलेल्या दुष्परिणामांत कर्करोग नाही, आणि तो तेथे वाचू पाहणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. परंतु प्रदेशाचा आहार पाहून तेथील व्याधींचा हेतू शोधण्याची त्याची पद्धती आणि आजच्या साथरोगशास्त्राची पद्धती यांतील साम्य लक्षणीय आहे.

आपल्याकडील रुग्णास आहाराविषयी विचारताना सुकट, सुके बोंबील, खारवलेली मासळी, लोणचे, पापड, सांडगी मिरची यांची केवळ नावे न विचारता ते रोज खातो की क्वचित, हे विचारावे. पानाच्या डाव्या बाजूला चमचाभर लोणचे वाढणे आणि भाजी परवडत नाही म्हणून लोणच्याशीच भाकरी खाणे यांत मोठा भेद आहे. तिखटाविषयी मात्र रुग्णांची जेवढी खात्री असते तेवढा पुरावा उपलब्ध नाही.

धूम्रपानाने धोका दीडपट ते दुपटीपर्यंत वाढतो. तंबाखूचा इतिहास घेताना स्त्रीरुग्णांस मिश्रीविषयी स्वतंत्रपणे विचारावे लागते; ‘व्यसन आहे का’ या प्रश्नास त्या नाही म्हणतात, कारण मिश्री त्यांच्या लेखी दंतमंजन असते. अतिमद्यपान, स्थौल्य (विशेषतः जठराच्या वरच्या मुखाच्या कर्करोगात), पूर्वी व्रणासाठी झालेली जठराची शस्त्रक्रिया, ब-१२ जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या पांडूच्या मुळाशी असणारा जठरक्षय, ही अन्य कारणे होत. माता, पिता वा भावंडांपैकी कोणास हा व्याधी झाला असल्यास धोका दुपटी-तिपटीने वाढतो. काही थोड्या कुलांत तो बीजदोषानेच येतो. न्यूझीलंडमधील एका माओरी कुलाच्या अभ्यासातून असा जनुकीय दोष १९९८ मध्ये प्रथम निश्चित झाला.

संप्राप्ती

पेलायो कोरिया या विकृतिशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये मांडलेला क्रम आज सर्वमान्य आहे. प्रथम दीर्घकालीन जठरशोथ, त्यातून अंतस्त्वचेचा क्षय, मग त्या त्वचेचे आंत्रसदृश त्वचेत रूपांतर, नंतर पेशींची विकृती आणि शेवटी कर्करोग. या प्रवासास अनेकदा दोन-तीन दशके लागतात. संचय, प्रकोप, प्रसर, स्थानसंश्रय, व्यक्ती, भेद हे षट्क्रियाकाल शिकलेल्या वाचकास यावर अधिक भाष्याची गरज नाही. आरंभीच्या पायऱ्यांवर प्रतिकार शक्य असतो आणि पुढे तो कठीण होत जातो, हे तत्त्व दोन्हीकडे समान आहे.

१९६५ मध्ये लॉरेन यांनी या कर्करोगाचे दोन मुख्य प्रकार दाखविले. आंत्रसदृश प्रकार वरील क्रमाने, बहुधा उतारवयात व पुरुषांत अधिक होतो. विसरणशील प्रकार तुलनेने तरुण वयात, स्त्रियांतही दिसतो, आणि तो गाठ न करता भिंतीतून पसरत जातो. अशा वेळी संपूर्ण जठर चामड्याच्या पखालीसारखे जाड व ताठर होते, अंतस्त्वचा वरवर ठीक दिसू शकते आणि रुग्ण मात्र चार घासांत तृप्त होतो. तरुण आहे म्हणून निर्धास्त राहू नये, याचे कारण हा दुसरा प्रकार.

लक्षणे व त्यांचे फसवेपण

या व्याधीच्या पूर्वरूपांविषयी लिहिणे कठीण आहे, कारण त्यास स्वतःची अशी पूर्वरूपे नाहीतच. आरंभीचा कर्करोग एकतर पूर्ण मूक असतो, किंवा आम्लपित्ताच्याच भाषेत बोलतो. म्हणून लक्षणाच्या नावापेक्षा त्याच्या वर्तनाकडे लक्ष द्यावे. चाळिशी-पन्नाशीपर्यंत ज्याचे पोट कधी दुखले नाही त्यास प्रथमच अजीर्णाची तक्रार सुरू होणे, किंवा वीस वर्षांच्या आम्लपित्ताचा स्वभावच एकाएकी बदलणे, या दोन्ही गोष्टी विचार करावयास लावणाऱ्या आहेत. आम्लपित्ताचा रुग्ण जळजळीच्या भीतीने खात नाही, पण त्यास भूक असते. येथे भूकच मरते. अन्नाविषयी, विशेषतः मांसाविषयी, द्वेष उत्पन्न होतो. चार घासांत पोट भरते. पाटलोण वा चोळी सैल झाल्याचे रुग्णाच्या आधी घरच्यांच्या ध्यानात येते.

जठराच्या अधोमुखाशी अर्बुद असल्यास सायंकाळी वा रात्री मोठी वांती होते व तीत सकाळचे, कधी आदल्या दिवशीचे, अन्न ओळखू येते. ऊर्ध्वमुखाशी असल्यास घास अडकतो. आधी भाकरी, मग भात, शेवटी पेज. रक्ताची वांती झाल्यास रुग्ण स्वतःच घाबरून धावतो. परंतु थेंबथेंब स्राव महिनोन्महिने होत राहिला तर तो केवळ पांडू म्हणून समोर येतो. पुरुषांत किंवा रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रीमध्ये रक्तातील लोह कमी असल्यास रक्त कोठून जाते आहे, याचा शोध घेतल्याविना मंडूर वा लोहकल्प देत राहणे धोक्याचे आहे. येथे आपल्या व्यवसायातील एक खास अडचण नमूद केली पाहिजे. लोह व मंडूर यांच्या कल्पांनी, तसेच लोहाच्या गोळ्यांनी, मलाचा वर्ण काळा होतोच. त्यामुळे रक्तमिश्रित काळ्या मलाकडे ‘औषधाचा रंग’ म्हणून दुर्लक्ष होते. लोहाने होणारा मल काळपट-हिरवा, बहुधा बांधलेला असतो. रक्ताने होणारा डांबरासारखा चिकट, चकचकीत व विशिष्ट उग्र दुर्गंधीचा असतो. लोहकल्प सुरू करण्यापूर्वीच मलाच्या वर्णाची नोंद करून ठेवावी, हा साधा उपाय आम्ही पाळतो.

स्पर्शनपरीक्षेत वरच्या उदरात कठीण गाठ, डाव्या अक्षकास्थीच्या वर वाटाण्याएवढी ग्रंथी, नाभीत कठीण गाठ, जलोदर वा कामला आढळल्यास व्याधी पुष्कळ पुढे गेलेला असतो. तरीही मान व नाभी यांवर हात फिरविण्यास अर्धे मिनिट लागते, आणि ते चुकवू नये.

उपशयाविषयी सावधगिरी

निदानपंचकातील उपशय हे आपले एक आवडते साधन आहे. औषधाने बरे वाटले, तर निदान बरोबर. हाच न्याय या व्याधीत सर्वांत अधिक दगा देतो. कर्करोगाच्या व्रणावरही आम्लस्राव येऊन पडतो, आणि तो स्राव कमी केला किंवा शंखभस्म-कामदुधाने शमविला, की वेदना व दाह कमी होतात. आधुनिक चिकित्सकांच्या आम्लरोधक गोळ्यांनी तर असा व्रण वरून काही काळ भरूनही येतो आणि दुर्बिणीच्या तपासणीत हुकतो. म्हणजे उपशय मिळाला तो दाहाला; अर्बुद आपल्या गतीने वाढतच राहिले. शहरापासून खेड्यापर्यंत दुकानातून आपणच गोळ्या घेऊन खाण्याची रीत पडल्याने आपल्याकडे येण्यापूर्वीच अनेक रुग्णांची लक्षणे अर्धी पुसली गेलेली असतात. त्यामुळे पूर्वी कोणत्या गोळ्या किती दिवस घेतल्या, हे विचारल्याविना इतिहास पूर्ण मानू नये.

वमनाविषयी येथे स्वतंत्रपणे लिहिणे आवश्यक वाटते. आम्लपित्तात वमन ही प्रशस्त चिकित्सा होय व वसंतात अनेक केंद्रांत ती उत्साहाने केली जाते. परंतु ऊर्ध्वग रक्तपित्त, गुल्म, उदर, अतिकृश व सतत वांती होणारा रुग्ण यांना शास्त्राने वमनास अयोग्य ठरविले आहे. जठरात अर्बुद वा अवरोध असलेल्या रुग्णास वमन दिल्यास तीव्र रक्तस्रावाचा व भिंत फाटण्याचा संभव असतो. वजन घटलेल्या, पांडुवर्ण दिसणाऱ्या वा चाळिशीनंतर प्रथमच लक्षणे आलेल्या रुग्णाचे वमन दुर्बिणीच्या तपासणीखेरीज करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पाठवावे केव्हा, कोठे

वजनातील घट, गिळताना अडथळा, वारंवार वांती, रक्ताची वांती वा काळा मल, अकारण पांडू, हाताला लागणारी गाठ, यांपैकी एकही गोष्ट असेल तर औषधाचा प्रयोग करून पाहण्यात एक आठवडाही घालवू नये. यांपैकी काही नसेल, पण वय चाळिशीपुढचे व तक्रार नवी असेल, तर आमच्या मते दोन-तीन आठवड्यांच्या चिकित्सेनंतर, उपशय मिळो वा न मिळो, तपासणीचा सल्ला द्यावा. तपासणी म्हणजे दुर्बिणीतून जठराचे प्रत्यक्ष दर्शन व संशयित जागेचे तुकडे काढून परीक्षण. पुष्कळ रुग्ण ‘सोनोग्राफी नॉर्मल आहे’ असे सांगत अहवाल पुढे ठेवतात. सोनोग्राफीत यकृत, पित्ताशय, वृक्क दिसतात. जठराच्या अंतस्त्वचेवरील लहान विकृती तीत दिसत नाही. त्या अहवालावर निश्चिंत होऊ नये. तसेच जठरात व्रण सापडला असेल, तर तुकड्यांचा अहवाल निर्दोष आला तरी आठ ते बारा आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण घालून तो भरल्याची खात्री करून घेण्यास सांगावे. पक्वाशयाच्या दिशेला, ग्रहणीत असणाऱ्या व्रणाची गोष्ट निराळी. तो सहसा कर्करोगाचा नसतो.

या घाईचे कारण एकच. अंतस्त्वचा व तिच्या लगतच्या थरापुरता मर्यादित असलेला कर्करोग वेळीच काढल्यास जपानमध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्ण पाच वर्षांनंतर जिवंत असतात, आणि निवडक रुग्णांत तर पोट न उघडता दुर्बिणीतूनच तो काढता येतो. दूरच्या अवयवांत पसरल्यावर पाच वर्षे जगणारे फार थोडे उरतात. १८८१ च्या जानेवारीत व्हिएन्ना येथे बिलरोथ यांनी जठराच्या कर्करोगाची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली, तेव्हा रुग्णा चारच महिने जगली होती. तेथपासून शस्त्रकर्म किती पुढे गेले आहे, याची कल्पना वरील आकड्यावरून यावी. कोरियात चाळिशीपुढील प्रत्येकास दर दोन वर्षांनी तपासणीची सोय आहे. आपल्याकडे व्याधीचे प्रमाण पाहता तशी सरसकट योजना शक्य नाही, आणि म्हणूनच आपल्याकडे चाळणीचे काम पहिल्या चिकित्सकावर येते.

रुग्ण अन्यत्र पाठविल्याने वैद्याचा मान उणावतो, अशी भावना काही सहकाऱ्यांत आढळते. गुल्मचिकित्सेतच चरकाने पक्व गुल्माचा अधिकार धन्वंतरी संप्रदायाच्या शल्यविदांकडे सोपविला आहे, हे त्यांनी आठवावे. उलटपक्षी, कर्करोग बरा करण्याच्या जाहिराती देणारे जे लोक आपल्या शास्त्राचे नाव वापरतात, त्यांच्यापासून अंतर राखणे संघटनेचे कर्तव्य आहे. १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यान्वये अशी जाहिरात हा अपराध आहे.

शस्त्रक्रियेनंतर मात्र आपले काम पुष्कळ असते. जठराचा मोठा भाग वा संपूर्ण जठर काढलेल्या रुग्णाला पेया-विलेपीपासून चढत जाणारा संसर्जनक्रम, अल्प मात्रेत दिवसातून सहा-सात वेळा आहार, गोड द्रव एकदम न पिणे, हे समजावून सांगणारा कोणी लागतो. जठर संपूर्ण काढल्यास ब-१२ ची सूची आजन्म घ्यावी लागते. ती थांबविण्याचा सल्ला देऊ नये. रसायनोपचार चालू असता आपले कोणतेही कल्प, विशेषतः भस्मे, कर्करोगतज्ज्ञास कळविल्याविना देऊ नयेत.

शेवटी रुग्णाच्या भावंडांविषयी व मुलांविषयी. कोरियात केलेल्या व २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, जठराच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या ज्या निकट नातलगांस हेलिकोबॅक्टरचा संसर्ग होता त्यांचे दोन गट करून एकास जीवाणूनाशक चिकित्सा दिली गेली. सुमारे नऊ वर्षांत चिकित्सा मिळालेल्या गटात १.२ टक्के व न मिळालेल्या गटात २.७ टक्के जणांना कर्करोग झाला. तेव्हा रुग्णासोबत येणाऱ्या सख्ख्या नातलगांची श्वासाची वा मलाची हेलिकोबॅक्टर चाचणी करून घेण्यास सुचवावे, आणि संसर्ग आढळल्यास त्यांना पोटविकारतज्ज्ञाकडे पाठवावे. चाचणीपूर्वी आम्लरोधक गोळ्या दोन आठवडे आणि प्रतिजैविके चार आठवडे बंद असावी लागतात, अन्यथा संसर्ग असूनही अहवाल निर्दोष येतो. चिकित्सा संपल्यावर जीवाणू गेला की नाही हे पाहण्याची दुसरी चाचणीही किमान चार आठवड्यांनीच करावी.